डॅशबोर्डाला नवं भोक न पाडता गाडी गाऊ शकते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारी हौसेने सांभाळणाऱ्यांवर अख्खं पान आलं होतं. फोटो सुरेख होते. पण पानाच्या तळाशी एक चौकट होती, जुन्या गाडीत चांगलं संगीत ऐकायचं असेल तर काय करावं याची. डॅशबोर्डाचा पत्रा ‘थोडासा’ कापून टचस्क्रीन बसवावा, चारही दारांत स्पीकर घालावेत, डिकीत वूफरचा खोका ठेवावा आणि मूळ रेडिओ ‘तसाही बंदच असतो’ म्हणून काढून टाकावा, असा सल्ला तिथे दिला होता. ती चौकट वाचता वाचता माझा चहा निवून गेला. हे पत्र त्या चौकटीसाठी आहे. थोडं लांबलं तर सांभाळून घ्यावं.

मी साताऱ्यात ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. माझ्याकडे १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट आहे. ती माझ्या वडिलांची. ते गुरांचे डॉक्टर होते. त्या काळी नव्या फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, म्हणून १९७४ मध्ये त्यांनी ही गाडी एका वकिलांकडून जुनी घेतली. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला, पुढे सलग बाक. याच गाडीचं नाव पुढे प्रीमिअर पद्मिनी झालं आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती सगळ्यांच्या ओळखीची झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. म्हणजे आता ज्या काही उरल्या आहेत, त्या आमच्यासारख्यांच्या दारात. आम्ही त्यांचं काय करतो, याला म्हणून महत्त्व आहे.

वकिलांनी गाडीत फिलिप्सचा रेडिओ बसवून घेतलेला होता. मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह, मधे उजेडाचा डायल, दोन्ही बाजूंना दुधी रंगाची दोन बटणं, प्रत्येक बटणाच्या मधोमध पितळी चकती. डाव्या मडगार्डवर हाताने ओढून लांब करायची एरियल. रेडिओला तेव्हा सरकारी लायसन्स लागे. दरवर्षी पोस्टात पैसे भरून पुस्तकात नोंद करून घ्यायची. ते पुस्तक गाडीच्या कागदांत अजून आहे.

रात्री-अपरात्री कुणाची म्हैस अडली की वडिलांना बोलावणं यायचं. रहिमतपूर, पुसेगाव, कधी पार खटावच्या पलीकडे. सुट्टी असली की मी बरोबर जायची. जाताना ते गप्प असत, रेडिओ बंद. परत येताना सगळं सुखरूप झालं असेल तर रेडिओ लागे. पहाट झालेली असली तर पुणे केंद्राच्या ७ वाजून ५ मिनिटांच्या बातम्या गाडीतच ऐकायच्या. पुण्याला जाताना कात्रजच्या बोगद्यात शिरलं की रेडिओ मुका होई आणि पलीकडे उजेड दिसला की वाक्याच्या मधूनच पुन्हा बोलू लागे. डायलच्या काचेवर, पुणे केंद्र जिथे लागतं तिथे, वडिलांनी लाल रंगाचा एक ठिपका दिला होता. सुईच्या टोकाने दिलेला, खसखशीच्या दाण्याएवढा. खड्ड्यांच्या रस्त्यावर नजर न हटवता काटा जागेवर आणता यावा म्हणून.

१९९१ मध्ये माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं आणि गाडीत कॅसेट प्लेअर हवा अशी घरात टूम निघाली. भावाने एका मोठ्या शहरात गाडी नेली, वडील बरोबर गेले. जुन्या रेडिओचं तोंड लहान असतं. डायलपुरती खिडकी आणि बटणांच्या दांड्यांसाठी दोन भोकं, संपलं. प्लेअरला १८२ बाय ५३ मिलिमीटरची सलग चौकोनी खिडकी लागते. दुकानातल्या मुलाने हॅकसॉच्या पात्याला एका टोकाशी चिंधी गुंडाळली आणि दहा मिनिटांत डॅशबोर्डाचा पत्रा कापला. मग पुढच्या दोन दारांना सहा-सहा इंची भोकं पाडली. ते काम वाईट हेतूने झालं असं मी म्हणत नाही. त्या दुकानात दिवसाला अशा चार-पाच गाड्या कापल्या जात. वडील काही बोलले नाहीत. फक्त कापलेला पत्रा मागून घेतला आणि रेडिओबरोबर घरी आणला. पत्रा बिस्किटांच्या डब्यात आणि रेडिओ ट्रंकेत, जुन्या धोतरात गुंडाळून. दोन बटणांपैकी उजवं त्या दिवशी तिथेच हरवलं.

दारातल्या स्पीकरचं काय झालं तेही सांगते, कारण चौकटीत दारांचा सल्ला आहे. जुन्या गाडीच्या दारात काचेच्या फटीतून पावसाचं पाणी उतरतंच. ते खालच्या भोकांतून निघून जावं अशीच दाराची रचना असते. त्या वाटेत कागदी कोनाचा स्पीकर ठेवला की तो भिजणार. तीन पावसाळ्यांत दोन्ही कोन कुजले, दाराच्या आतला हार्डबोर्ड फुगून पापडासारखा वर आला आणि भोकांच्या कडेने गंज धरला. प्लेअर १९९८ च्या सुमारास कायमचा बंद पडला. भोकं मात्र राहिली.

वडील २००९ मध्ये गेले. २०१६ मध्ये मी गाडी पुन्हा उभी करायची ठरवली. इंजिनचं काम ठरल्याप्रमाणे झालं, त्याबद्दल इथे लिहीत नाही. डॅशबोर्डाचं सांगते. साताऱ्यातल्या आमच्या डेंटरला मी तो डबा दिला. त्याने पत्रा बाहेर काढला, उन्हात धरला, कडा बोटाने चाचपल्या आणि म्हणाला, “बाई, ह्यो हाय म्हणून जमंल. नवा पत्रा लावला आसता तर त्यो नवाच दिसला आसता.” करवतीच्या पात्याने जेवढा पत्रा खाल्ला होता तेवढी, म्हणजे साधारण एक मिलिमीटरची फट चारही बाजूंनी राहत होती. त्याने तुकडा जागेवर धरून एका ठिकाणी टाका मारला, मग समोरच्या कडेला एक, मधे ओलं फडकं दाबून पत्रा गार होऊ दिला, मग पुढचा. एका दमात वेल्डिंग केलं असतं तर पातळ पत्रा तापून लाटेसारखा वाकला असता. दोन दिवस लागले. वरून रंग बसल्यावर काही कळत नाही. डॅशबोर्डाखालून हात घातला की मात्र बोटाला तो वण लागतो. तो मी मुद्दाम घासून घेतला नाही.

आता रेडिओ. इथे माझ्या हातून एक चूक झाली, ती लिहिते म्हणजे दुसऱ्या कुणाकडून होणार नाही. रेडिओ दुरुस्त होईपर्यंत गाडीत काहीतरी वाजावं म्हणून मी एक छोटा नवा ॲम्प्लिफायर आणला आणि डॅशबोर्डातल्या मूळ स्पीकरला जोडला. दोन मिनिटांत धूर. जुन्या गाड्यांत पुष्कळदा स्पीकरची एक वायर सरळ बॉडीला, म्हणजे अर्थला जोडलेली असते. तेव्हाच्या रेडिओला ते चालायचं. आजच्या बहुतेक कार ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर आउटपुट असतं. त्यातली कोणतीही एक बॉडीला लागली की आतली आयसी जळते. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने आधी मीटर लावून पाहायला हवं होतं. तेव्हा जुना स्पीकर वापरणार असाल, आणि तो वापरावाच, तर त्याच्या दोन्ही वायरी बॉडीपासून मोकळ्या करून नव्याने ओढून घ्या. आणि गाडी जुन्या ब्रिटिश घराण्यातली असेल तर त्याआधी बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते पाहा. त्यांतल्या पुष्कळ गाड्यांत प्लस अर्थ असायचा. तिथे आजची कुठलीही वस्तू सरळ जोडली की ती गेलीच म्हणून समजा.

रेडिओ मी पुण्याला नेला. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास विचारत विचारत एका वयस्क कारागिराकडे पोचले. त्यांनी झाकण उघडलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे आत फुंकर मारली नाही. ब्रशने हलके धूळ काढली. म्हणाले, “ताई, हा मेलेला नाही. वाळला आहे.” आतले इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे पोटात ओलं रसायन असलेले कंडेन्सर वाळले होते, ते पन्नास वर्षांत वाळतातच. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर येत होती, डायलचा दोरा तुटला होता, दिवा गेला होता. जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर मात्र सगळे जिवंत होते. कंडेन्सर बदलण्याचा खर्च आमच्या कुटुंबाच्या एका हॉटेलातल्या जेवणापेक्षा कमी आला. चौकटीतलं ‘तसाही बंदच असतो’ हे वाक्य मला टोचलं ते यासाठी. बंद पडलेल्या रेडिओंपैकी पुष्कळ असे नुसते वाळलेले असतात. ते पाहायला कुणी उघडतच नाही.

त्यांनी काच पुसायला घेतली तेव्हा मी जवळजवळ ओरडले. त्यांना लाल ठिपका दाखवला. ते काही विचारत बसले नाहीत. नवा दोरा कप्प्यांवरून ओवला, काटा अडकवला आणि स्टेशन लावलं. पुणे केंद्र, ७९२ किलोहर्ट्झ. काटा ठिपक्याच्या डावीकडे गव्हाच्या दाण्याइतका राहिला. त्यांनी काटा दोऱ्यावर सरकवला, पुन्हा लावलं. आता उजवीकडे गेला. तिसऱ्या वेळी काटा बरोबर ठिपक्यावर आला आणि दुकानात पुणे केंद्र बोलू लागलं. २०१७ चा मार्च होता. मी स्टुलावर बसून राहिले.

एवढं झाल्यावर कुणी म्हणेल, मग झालं की, रेडिओ ऐका आणि गप्प बसा. मूळपणाविषयी कडक असणारे काही मित्र मला हेच म्हणाले. मला ते पटत नाही. आमच्या साताऱ्याचं आकाशवाणी केंद्र एफएमवर आहे, ते या रेडिओला ऐकूच येत नाही. मला किशोरीताई ऐकायच्या असतात, गाडीत नातवंडं असली तर त्यांना त्यांची गाणी हवी असतात. गाडी चालती राहायची तर तिच्यात बसावंसं वाटलं पाहिजे. ज्या गाडीत बसावंसं वाटत नाही, ती आधी पोर्चमध्ये आणि मग भंगारात जाते, हे मी आमच्या आळीतच दोनदा पाहिलं आहे. तेव्हा आवाज सुधारावा, जरूर सुधारावा. पण गाडीच्या पत्र्याला, दाराला, पुठ्ठ्याला एकही नवं भोक न पाडता, आणि जे बसवलं ते एका दुपारी काढता येईल अशा तऱ्हेने.

त्याच कारागिरांनी पहिला मार्ग दाखवला. रेडिओत स्टेशन पकडल्यावर आवाजाचा प्रवाह व्हॉल्यूम कंट्रोलच्या एका टोकाशी येतो. तिथेच एक कंडेन्सर लावून बाहेरची वायर जोडली की फोनमधलं गाणं त्याच रेडिओतून, त्याच जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरांमधून आणि त्याच स्पीकरमधून वाजतं. फोनचा डावा आणि उजवा आवाज एकत्र करताना वायरी नुसत्या पिळून जोडायच्या नाहीत, दोन्हींना एकेक किलोओहमचा रेझिस्टर लावून मग जोडायच्या. एक छोटा स्विच रेडिओच्या मागे. वायर ग्लोव्ह बॉक्समध्ये येते. सगळं मिळून दोन-तीन डाख. उद्या कुणाला नको असेल तर ते सोडवले की रेडिओ १९६८ मध्ये होता तसा. एक इशारा मात्र देते. हे ट्रान्झिस्टरच्या रेडिओचं झालं. त्याआधीच्या गाड्यांत व्हॉल्व्हचे रेडिओ असत, त्यांच्या आत बॅटरीचे सहा-बारा व्होल्ट वाढवून दोनशेच्या पुढे नेलेले असतात. ते घरी उघडू नयेत.

या एका स्पीकरचा आवाज काही नव्या गाडीसारखा नाही. खर्ज कमी, तार सप्तक थोडं गुदमरलेलं. पण बोलणं आणि जुनी गाणी त्यातून अशी येतात की मला दुसरं काही नको वाटतं. स्पीकरचा कागद फाटला होता. फ्रेम आणि चुंबक तेच ठेवून कोन नवा घालून घेतला. हे काम करणारे लोक अजून आहेत, बँडवाल्यांच्या आणि मंडपवाल्यांच्या स्पीकरवर त्यांचं पोट चालतं.

त्यानंतर खरी डोकेदुखी सुरू झाली ती इंजिनची. गाडी उभी असताना रेडिओ स्वच्छ, इंजिन चालू केलं की टकटक, ॲक्सिलरेटर दाबला की बारीक शिट्टी चढत जायची. टकटक येते स्पार्क प्लगमधून, शिट्टी डायनॅमोतून, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रातून. प्लगच्या वायरींना सप्रेसरच्या, म्हणजे ती टकटक दाबणाऱ्या टोप्या घातल्या आणि इग्निशन कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला एक कंडेन्सर लावला. डायनॅमोलाही एक लावला. मात्र तो डायनॅमोच्या जाड, आउटपुटच्या टोकालाच लावायचा. बारीक टोक फील्डचं असतं, तिथे कंडेन्सर लावला तर कटआउटच्या डब्यातले, चार्जिंग ताब्यात ठेवणाऱ्या रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. हे सगळं बॉनेटखाली आधीच असलेल्या बोल्टांवर बसतं. बॉनेट आणि बॉडी यांच्यात वेणीसारखी विणलेली अर्थची पट्टी असेल तर तीही घासून नीट करावी. शिट्टी पूर्ण गेली नाही. ऐकू येते, पण गाण्याच्या मागे.

लांबच्या प्रवासासाठी मी दुसरी सोय केली. त्याआधी हिशेब केला, आणि तोच हिशेब चौकट लिहिणाऱ्यांनी करायला हवा होता. त्या काळातल्या गाड्यांत आजच्यासारखा अल्टरनेटर नसे, डायनॅमो असे. ब्रिटिश गाड्यांत सर्रास दिसणारा लुकासचा सी-४० डायनॅमो पूर्ण वेगात २२ अँपिअर देतो. म्हणजे पावणेतीनशे वॅटच्या आसपास. त्यातून रात्री हेडलाइट, मागचे दिवे, इग्निशन, पावसात वायपर, हे सगळं चालायचं. सिग्नलला गाडी उभी राहिली की डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणायला लागतो. डिकीतल्या ४०० वॅटच्या वूफरला पूर्ण जोरात ३० अँपिअरहून जास्त लागणार. ते येणार कुठून? मग दुकानदार म्हणतो, अल्टरनेटर बसवा. मग ब्रॅकेट बदला, वायरिंग बदला, रेग्युलेटर काढून टाका. एका वूफरसाठी बॉनेटखालची अर्धी गाडी बदलते.

मी दर बाजूला २० वॅट देणारा, तळहाताएवढा ॲम्प्लिफायर घेतला, ब्लूटूथ त्यातच आहे. तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे दोन वेल्क्रोच्या पट्ट्यांवर बसला. त्याची वायर बॅटरीपासून स्वतंत्र आणली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज घातला, आणि इंजिनाकडून आत येताना जुन्या वायरिंगसाठी जे रबरी ग्रोमेट आहे त्यातूनच ती आणली. गाडीच्या मूळ वायरिंगला कुठेही चिमटा लावला नाही. त्या वायरींवरचं कापडी आवरण आता पापुद्र्यासारखं झालं आहे. एकीला हात लावला की तीन सोलतात. पुष्कळ जुन्या गाड्यांना आग लागते ती अशा एखाद्या चिमट्यापाशी, बिनफ्यूजच्या वायरीमुळे.

स्पीकरसाठी सुताराकडून नऊ मिलिमीटर प्लायवूडचे दोन बंद खोके करून घेतले. डॅशबोर्डाखाली पायांच्या कोपऱ्यात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दाराच्या पॅडला आहे त्याच रंगाचं रेक्झिन त्यांना लावलं. आधीपासून तिथे असलेल्या एकेका स्क्रूवर पत्र्याची पट्टी अडकवून ते टांगले. उजवा खोका पहिल्यांदा मोठा झाला होता, ब्रेकवर पाय नेताना बुटाची कड घासत होती. तो परत सुताराकडे नेऊन दीड इंच अरुंद करून आणला. चार इंची स्पीकर, पण कमी वॅटमध्ये मोठा आवाज देणारे शोधून घेतले. स्पीकरच्या खोक्यावर किती वॅट ‘सहन करतो’ ते मोठ्या अक्षरात छापतात. जुन्या गाडीला उपयोगाचा आकडा असतो तो एका वॅटला किती डेसिबल देतो हा, आणि तो बारीक अक्षरात असतो. नव्वदच्या वर असेल तर २० वॅट भरपूर झाले.

सगळ्यात जास्त फरक मात्र कशाने पडला ते सांगितलं तर आश्चर्य वाटेल. पायाखालच्या रबरी मॅटच्या खाली मी जाड नमद्याचे, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या कापडाचे तुकडे मापाने कापून नुसते पसरले. चिकटवले नाहीत. आजकाल डांबरासारख्या शीट पत्र्याला चिकटवतात, त्या पुन्हा निघत नाहीत आणि त्यांच्याखाली ओल राहिली तर फरशी कुजल्याचं कळतही नाही. नमदा दर दसऱ्याला काढून उन्हात टाकते. साठच्या वेगाला आधी जो गडगडाट पायातून यायचा तो खूप उतरला. गडगडाट उतरला म्हणून आवाज वाढवावा लागत नाही.

परदेशात आणि आता आपल्याकडेही आणखी एक पद्धत आली आहे. रेडिओचं तोंड, बटणं, डायल तसंच ठेवायचं आणि आतलं सगळं काढून नवा बोर्ड बसवायचा. दिसायला काही फरक नाही. ज्यांचा रेडिओ खरोखर दुरुस्तीपलीकडे गेला आहे त्यांनी हे करावं, माझी हरकत नाही. पण आतून निघालेले भाग पिशवीत घालून, वर गाडीचा चासी नंबर लिहून जपून ठेवावेत. चालू होऊ शकणाऱ्या रेडिओचं पोट मोकळं करणं मला मान्य नाही.

कायद्याचं म्हणाल तर २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या, खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबर प्लेट मिळते. नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. या व्याख्येत चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांच्यातल्या फेरबदलांचा उल्लेख आहे. रेडिओ त्यात नाही. (मी ती नोंदणी केलेली नाही. त्या प्लेटवर रोजच्या कामाला गाडी काढता येत नाही आणि माझी गाडी मंडईतही जाते.) म्हणजे कायदा आपल्याला अडवणार नाही, आपल्यालाच ठरवावं लागणार. जगभरच्या जुन्या वाहनांच्या संघटनांचा जो महासंघ आहे, फिवा, त्याच्या ट्यूरिन सनदेने हे नेमकं मांडलं आहे. नाइलाजाने बदल करावाच लागला तर मूळ रचनेला आणि रूपाला कमीत कमी धक्का लागावा, तो बदल पुन्हा उलटवता यावा, आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबर जपून ठेवावेत. माझ्या वडिलांनी ती सनद पाहिलेली नव्हती. ती २०१२ मध्ये मंजूर झाली, ते त्याआधीच गेले. कापलेला पत्रा त्यांनी १९९१ मध्येच डब्यात ठेवला होता.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. पहिली, त्या चौकटीची दुरुस्ती छापावी. निदान एवढं तरी छापावं, की डॅशबोर्ड आणि दारं कापण्याआधी रेडिओ एकदा उघडून दाखवावा. दुसरी अधिक महत्त्वाची. पुण्यातले ते कारागीर आता दुकानात रोज येत नाहीत, डोळ्यांचा त्रास आहे. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरवर, डायलच्या दोऱ्यांवर हात बसलेली माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत दोन-चार तरी असतील. सांगली, कोल्हापूर, नाशिक, नागपूर, पणजी, जिथे असतील तिथली त्यांची माहिती वाचकांकडून मागवून, त्यांच्या परवानगीने, आपण पुरवणीत छापावी. त्यांना काम मिळेल आणि त्यांच्याजवळ बसून शिकायला एखादं पोर तयार झालं तर पुढच्या तीस वर्षांची सोय होईल. शिकवायला मीही येईन, निदान ओहमचा नियम तरी.

आणि एक वैयक्तिक विनंती, छापणं शक्य नसेल तर वगळावी. माझ्या रेडिओला उजव्या बाजूचं बटण अजून नाही. तिथे सध्या सुताराने लाकडाचं करून दिलेलं आहे. दुधी रंगाचं, मधे पितळी चकती, सहा मिलिमीटरच्या दांडीवर बसणारं असं एखादं बटण कुणाच्या माळ्यावर, जुन्या रेडिओवर किंवा नुसतंच खिळ्यांच्या डब्यात पडलेलं असेल तर कृपया आपल्या कार्यालयात कळवावं. मी येऊन घेऊन जाईन.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा